गार निघालेली भांडी

रात्री जेवणं आटोपली की डिशवॉशर लावायचा, आणि झोपायच्या आधी त्याचं दार किलकिलं करून ठेवायचं, म्हणजे सकाळपर्यंत भांडी कोरडी होतात. दार उघडलं की आतली वाफ तोंडावर येते, चष्म्यावर धुकं धरतं आणि ओढणीनं काचा पुसेपर्यंत मला काही दिसत नाही. डिसेंबरातल्या एका रात्री दार उघडलं आणि चष्मा स्वच्छच राहिला. दिवे मालवायची घाई होती, मी तशीच झोपायला गेले. सकाळी चहाच्या वेळी रॅकमधून वरणाची वाटी उचलली तर अंगठा सटकला. वाटी दिसायला चकचकीत होती, पण आतून नखानं रेघ ओढली तर नखाखाली तुपाची पांढरी वळी जमा झाली. वास घेतला तर कालचं वरण. साबणाच्या कप्प्याचं झाकण उघडलेलं होतं, पण वडी अर्धीच विरघळून खालच्या जाळीत चिखल होऊन बसली होती. आणि समोरच्या पट्टीवर, काम नीट पार पडल्याची खूण. यंत्राच्या हिशेबी भांडी धुऊन झाली होती.

घरात अशा गोष्टीला कारणं लगेच सापडतात. भांडी फार कोंबली असतील. वाटी कुकरच्या डब्याआड गेली असेल, पाणी पोचलं नसेल. नवरा म्हणाला, थंडी पडलीये, तूप थिजणारच. बरोबर होतं त्याचं. बरणीतलं तूप त्या आठवड्यात चमच्यानं कोरून काढावं लागत होतं. पण तूप थिजतं म्हणूनच तर गरम पाण्याचं यंत्र घेतलं ना? मला खुपत होता तो बटणाशेजारचा ६५ हा आकडा. इतकी वर्षं तो आकडा बघून मी निर्धास्त होते. त्या सकाळी पहिल्यांदा लक्षात आलं की तो आकडा कुणी मोजलेला नाही, छापलेला आहे. आत पाणी पासष्ट अंशांवर असो की नळाचं गार असो, तो तिथं तसाच दिसणार.

मग बाबांना सांगितलं, आणि ते काम बाबांचं झालं.

बाबांची सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये गेली. व्हर्निअर, मायक्रोमीटर, स्लिप गेज ही नावं मी बाराखडीच्या आधी ऐकलेली. आता वय झालंय, हात किंचित थरथरतो, पण मोजमाप म्हटलं की डोळ्यांत तरतरी येते. 'आधी माप तपास, मग जॉब,' हे त्यांचं वाक्य. डॉक्टरांकडे रक्तदाब मोजायचा असला तरी त्यांना आधी यंत्राबद्दल चौकशी करायची असते. पावासाठी मुलानं आणलेला स्वयंपाकाचा थर्मामीटर मी पुढे केला, तर त्यांनी तो डिशवॉशरच्या जवळपासही जाऊ दिला नाही. फ्रीजमधला बर्फ खलबत्त्यात कुटायला लावला, पेल्यात गच्च भरून वर जेमतेम पाणी घातलं, थर्मामीटर त्यात धरला. शून्याला टेकला. मग गॅसवर आधण ठेवलं. पाणी खळखळा उकळायला लागलं आणि आकडा ९८ वर थांबला तो थांबलाच. मुलगा विजयानं ओरडला, "आबा, दोन डिग्री कमी दाखवतोय!" बाबांनी त्याच्याकडे न बघताच विचारलं, "पुणं समुद्रापासून किती उंच आहे?" साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथं पाणी शंभराला उकळतच नाही, अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. "थर्मामीटर बरोबर आहे," बाबा म्हणाले, "तूच मुंबईत उभा आहेस."

मग खरी मोजणी. रिकामं यंत्र सगळ्यात कडक धुण्यावर लावलं, अर्धा वेळ जाऊ दिला, बटण दाबून थांबवलं, आतले फिरते हात थांबल्याचा आवाज ऐकला आणि मगच दार उघडलं. तळाच्या जाळीपाशी पाणी साचलेलं असतं, त्यात थर्मामीटर बुडवला. पंचवीस. त्याच वेळी सिंकच्या नळाचं पाणी बावीस होतं. वरचे तीन अंश कुठून आले यावर बाबांनी बराच विचार केला आणि निकाल दिला की ती पंपाची ऊब आहे, हीटरचा त्यात काही हात नाही. एवढं कळल्यावर मला आधी बरं वाटलं. आपल्याला भास होत नव्हता. मग राग आला, कारण आठवून पाहिलं तर हे एका रात्रीत झालेलं नव्हतं. मधूनमधून कप मळकट निघत होते, काचेच्या पेल्यांवर साय धरल्यागत डाग होते, दह्याच्या पातेल्याच्या कडा खरखरीत लागत होत्या. काही रात्री मात्र सगळं झकास. म्हणजे हीटर मनाला येईल तेव्हा चालत होता, आणि आम्ही दर वेळी दोष साबणाला दिला होता.

पहिला संशय पाण्यावर गेला, पुण्यात तो जातोच. खडकवासल्याचं पाणी तसं मऊ. सह्याद्रीवर पडलेला पाऊस, काळ्या कातळावरून आलेला, त्यात क्षार कमी. पण सिंहगड रोडच्या आमच्या सोसायटीत उन्हाळा आला की महापालिकेचं पाणी पुरत नाही, मग बोअर आणि टँकर, आणि तीन्ही पाणी एकाच टाकीत. बादलीच्या कडेला पांढरी पुटं चढतात, गीझरची कॉइल काढली तर चुन्याची कांडी हातात येते. पाणी जितकं तापतं तितका हा चुना लवकर सुटतो आणि नेमका तापणाऱ्या भागावर बसतो. म्हणून तर डिशवॉशरला जाडं मीठ घालावं लागतं. चवीपुरतं नव्हे, किलोच्या हिशेबानं. आत रेझिनचे बारीक मणी असतात, ते पाण्यातलं कॅल्शियम पकडून ठेवतात आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतात, आणि मणी थकले की मिठाचं पाणी त्यांना पुन्हा ताजं करतं. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे मीठ प्रकरण समजावून सांगावं लागतं, आणि प्रत्येक जण म्हणतो, 'मग घासून का नाही टाकत?' असो. वाण्याकडून लिंबूफूल आणलं, मूठभर तळात टाकून यंत्र रिकामं फिरवलं. आतलं स्टील असं उजळलं की भांग पाडावा. पाणी गारच. शिवाय लिंबूफुलाचं काम गरम पाण्यात नीट होतं, म्हणजे जे दुखणं तेच औषधाला आड येत होतं.

कंपनीला फोन केला. फोनवरच्या मुलीनं यंत्र बंद करून चालू करायला सांगितलं, ते आम्ही इमानेइतबारे केलं. मग पाठीवर बॅग घेतलेला एक हसतमुख मुलगा आला. त्यानं यंत्र लावलं, पट्टीकडे पाहिलं, एररचा आकडा येत नाही म्हणाला, आणि पाच मिनिटांत निदान केलं, "पीसीबी बदलावा लागेल, मॅडम." म्हणजे यंत्राचा आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड. त्याची किंमत त्यानं फोनवर काढून दाखवली. नव्या यंत्राच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होती. बाबांनी विचारलं, "हीटरचा रेझिस्टन्स घेतलात का?" तो गोड हसला. "आजोबा, आम्हाला पार्ट बदलायला सांगतात, रिपेअर करायला नाही." त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. त्या दिवशी त्याला अजून वाघोलीला जायचं होतं, आणि चहासुद्धा त्यानं उभ्याउभ्याच घेतला. निघताना बाबांना वाकून नमस्कार केला, त्यामुळे बाबा पुढचा अर्धा तास त्याच्याविरुद्ध काही बोलू शकले नाहीत.

तोवर भांडी कुणी घासायची?

मावशी आमच्याकडे यंत्र येण्याच्या आधीपासून आहेत. २०२० च्या टाळेबंदीत त्यांचं येणं बंद झालं, घरात चार माणसं चार वेळा खाऊ लागली, आणि अनेक घरांत झालं तेच आमच्याकडे झालं, वेटिंग लावून डिशवॉशर घेतला. टाळेबंदी उठली तेव्हा भांडी यंत्राकडे आणि केर-फरशी मावशींकडे अशी वाटणी झाली होती. पगार तेवढाच ठेवला, पण काम गेल्याचं त्यांच्या मनात राहिलं असणार. बोलल्या नाहीत. अर्थात सगळं यंत्रात जातही नाही. पोळपाट-लाटणं नाही, बिडाचा तवा नाही, पितळी पातेलं नाही, अॅल्युमिनियमची जुनी कढई टाकली तर काळी पडून बाहेर येते. हळदीनं पिवळे झालेले प्लॅस्टिकचे डबे त्यातून तसेच पिवळे निघतात, ते शेवटी गॅलरीतल्या उन्हात पालथे घालावे लागतात, दोन दुपारींत डाग उडतो. तर मावशींना म्हटलं, यंत्र बिघडलंय, थोडे दिवस भांडीपण बघाल का, वेगळे पैसे देते. "त्यात काय, करते की," म्हणाल्या, आणि लुगड्याचा ओचा खोचून सिंकसमोर उभ्या राहिल्या. सकाळचे साडेसात. जनता वसाहतीतून निघून आमच्या आधीचं एक घर आटपून आलेल्या. बाबा चहाचा कप ठेवायला स्वयंपाकघरात आले, थर्मामीटर अजून ओट्यावरच होता. सवयीनं त्यांनी तो नळाखाली धरला. "सतरा," ते मोठ्यानं म्हणाले. रात्रभर गच्चीवरच्या टाकीत निवलेलं पाणी. मावशींचे हात मनगटापर्यंत त्यात होते. "किती का असंना," त्या म्हणाल्या, "पानी येतंय ते बघा. आज गुरुवार न्हाई, न्हाईतर पानीच बंद. नशीब."

आमच्या स्वयंपाकघराला गरम पाण्याचा नळ नाही. इमारत बांधणाऱ्यानं गीझरची लाइन दोन्ही न्हाणीघरांना दिली, ओट्याला दिली नाही. ही काही आमचीच कथा नव्हे, त्या काळच्या पुण्यातल्या बहुतेक फ्लॅटांत असंच आहे. घर बघायला आलो तेव्हा आम्ही ओटा ग्रॅनाइटचा आहे ना बघितलं, खिडकी पूर्वेला आहे का बघितलं, सिंक किती खोल ते बघितलं. गरम नळाबद्दल आम्ही विचारलं नाही, दाखवणाऱ्यानं सांगितलं नाही. ओट्यापाशी पाण्यात हात घालून जी बाई उभी राहणार होती, ती घर बघायला आलेल्या मंडळींत नव्हती.

माझं आजोळ कसब्यातलं. तिथं माजघराच्या मागं न्हाणीत तांब्याचा बंब होता. पहाटे कुणीतरी त्याच्या नळकांड्यात बंबफोड आणि कोळसे घालायचं, धूर आधी घरभर आणि मग पन्हळीवरून बाहेर. त्या गरम पाण्याची उतरंड ठरलेली होती. आधी आजोबांची अंघोळ, पूजा खोळंबते म्हणून. मग शाळेत जाणारी मुलं, मग मामा. घंगाळात कढत पाणी सोडायचं, विसण घालायचं, आणि आजी पाण्यात कोपर बुडवून बघायची. कुणाला किती ऊन पाणी लागतं ते तिला पाठ होतं. आजोबांना चटका बसेल असं, धाकट्या मामेभावाला कोमट. स्वतः ती सगळ्यांच्या शेवटी. तोवर बंबातले निखारे राख झालेले असत आणि पाणी आटत आलेलं असे. त्यातलंही तळाचं तपेलंभर ती राखून ठेवायची, तेलातुपाच्या भांड्यांसाठी. मोरीत बसून ती कढईत ते पाणी ओतायची, बंबातलीच राख घ्यायची आणि नारळाच्या काथ्यानं घासायची. लाकडाच्या राखेत पोटॅश असतं, ते तेलाशी मिळालं की तिथल्या तिथे थोडासा साबण तयार होतो, हे मला बारावीच्या रसायनशास्त्रात कळलं. आजीला ते हाताला बुळबुळीत लागलं की कळत असे. तेव्हाही भांडी घासायला एक बाई यायची. ती अंगणातल्या हौदावर घासायची, गार पाण्यानं. आजी आत, ती बाहेर. ओशट आणि जळकी भांडी आजी स्वतःकडे ठेवायची, हे मला तेव्हा तिचं कौतुक करण्याजोगं वाटायचं. आता वाटतं, तिला गरम पाणी हौदापर्यंत जाऊ द्यायचं नसेल. दोन्ही खरं असू शकतं. तिला विचारायची सोय राहिलेली नाही.

भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रन यांनी २८ डिसेंबर १८८६ ला घेतलं. या बाई सुखवस्तू, भांडी स्वतः घासणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांची तक्रार अशी की नोकरमाणसं घासताना चिनी मातीच्या बशांचे टवके उडवतात. पुढे नवरा वारला, कर्ज उघडं पडलं, आणि हौसेनं सुचलेलं यंत्र पोटापाण्याचं साधन झालं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते गाजलं. पण घरोघर काही गेलं नाही. घेतलं ते हॉटेलांनी, खानावळींनी. कारण साधं होतं, त्या यंत्राला जेवढं गरम पाणी लागायचं तेवढं बहुतेक घरांतले बंब देऊच शकत नव्हते. हे वाचल्यापासून मला त्या बाईंबद्दल जरा जवळीक वाटते. सव्वाशे वर्षांनंतर आम्हीही तिथंच अडकलो होतो. आणि या यंत्राचं सगळं महत्त्व त्या तापमानातच आहे. फवारा काय, नळालाही असतो. माणसाचा हात पंचेचाळीस अंशांच्या पुढं पाण्यात टिकत नाही. यंत्र साठ-पासष्टला जातं, तिथं तूप पाण्याइतकं पातळ होतं आणि निघून जातं. वडीतली एन्झाइमं, भाताची पेज आणि दह्याची साय तोडणारी, त्यांनाही पन्नाशीच्या आसपासची ऊब लागते. सतरा अंशांत त्यातलं काही होत नाही. सतरा अंशांत फक्त मनगटाचा जोर उरतो.

त्या संध्याकाळी बाबा पार्किंगमध्ये मीटरच्या पेटीसमोर वॉचमनच्या खुर्चीवर बसले. युक्ती त्यांची. आमच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, आणि त्याच्याखाली लिहिलंय की एका युनिटला ३२०० वेळा. घरातलं सगळं बंद केलं, फ्रीजसुद्धा. फक्त डिशवॉशर चालू. दोन किलोवॉटचा हीटर लागला तर दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकला पाहिजे, नुसता पंप असेल तर दहा-अकरा सेकंदांतून एकदा. मी वर ओट्याशी फोन कानाला लावून उभी, ते खाली. "काय म्हणतोय?" "आळसावलाय." थोड्या वेळानं पुन्हा, "अजून?" "लुकलुकला एकदा. झोपला परत." तळमजल्यावरचे एक काका काय झालं विचारायला थांबले, आणि बाबांनी त्यांना संपूर्ण प्रकार पहिल्यापासून सांगितला, मीही फोनवर ऐकत होते. बर्फापासून. म्हणजे हीटरला वीजच जात नव्हती. यंत्र उघडायच्या आधी एवढं कळलं, तेही पैसा न खर्चता, याचा बाबांना झालेला आनंद लपत नव्हता.

उघडलं दुसऱ्या दिवशी. प्लग काढून तो बाबांनी खिशात घालावा तसा स्वतःजवळ मांडीवर घेतला, कुणी चुकूनही लावू नये म्हणून. मल्टिमीटरच्या सळया मी धरल्या, आकडे ते वाचत होते. हीटर सव्वीस ओहम, म्हणजे ठणठणीत. २३० व्होल्टांवर दोन किलोवॉटला तेवढाच हवा. मग तापमान ओळखणारा एनटीसी सेन्सर. हा एक चमत्कारिक भाग असतो, पाणी तापलं की याचा रेझिस्टन्स चढायच्या ऐवजी उतरतो. पंचवीस अंशांना दहा हजार ओहम असेल तर साठाला अडीच हजारांच्या घरात. तो जर खोटाच कमी रेझिस्टन्स दाखवायला लागला तर यंत्राला वाटतं पाणी तापलंय, आणि ते हीटर लावतच नाही. मला वाटत होतं हाच चोर. पण नाही. साडेबारा हजार निघाले, खोलीतल्या वीस अंशांना साजेसे. कोमट पाण्याचं फडकं त्याच्या अंगाला लावलं तसा आकडा शहाण्यासारखा खाली आला. तापमानानं बंद होणारी सुरक्षेची कळही जोडलेलीच होती. उरला बोर्ड. "पोरगा बरोबर होता," बाबा म्हणाले, "पण त्याला का ते माहीत नव्हतं." यातलं त्यांना जास्त काय लागलं ते मला कळलं नाही.

बोर्ड जुन्या टॉवेलात गुंडाळून आम्ही तपकीर गल्लीत गेलो. बाबांना रिक्षातून पासोड्या विठोबाशी उतरवलं, तिथून पुढं चालत. वायरींची भेंडोळी, दिव्यांच्या माळा, हातगाड्या, वर आभाळाची एवढीशी पट्टी. पहिल्या मजल्यावर, लाकडी जिन्याच्या टोकाला एक दुरुस्तीवाले बसतात. त्यांनी बोर्ड उलटा केला, दिवा ओढला, भिंग लावलं आणि एक शब्द न बोलता भिंग बाबांकडे सरकवलं. मग माझी पाळी आली. काळा चौकोनी रिले, म्हणजे हीटरची वीज चालू-बंद करणारी कळ, त्याच्या पायाशी चांदीसारखा टपोरा ठिपका, आणि त्या ठिपक्यात पायाभोवती केसाएवढी काळी गोल रेघ, कपात चहा वाळून राहते तशी. तेवढीच भेग. हीटर लागला की त्या पायातून आठ-नऊ अँपिअर वाहतात, डाग तापतो, थांबला की निवतो, तापतो, निवतो, आणि वर्षांनी कथील तडकतं. तडकल्यावरही कधी टेकतं, कधी नाही. आमच्या लख्ख निघणाऱ्या आणि ओशट निघणाऱ्या रात्रींचा हिशेब त्या रेघेत होता. त्यांनी जुनं कथील ओढून काढलं, राळेचा धूर निघाला, नवा थेंब ठेवला. रिलेही बदलून टाकला, "आतले पॉइंट जळलेले असणार" म्हणून. पैसे इतके कमी सांगितले की बाबांनी घासाघीस तर केली नाहीच, उलट मुलाबाळांची चौकशी केली.

त्या रात्री दिवा पार्किंगमध्ये धावत होता. पाणी बासष्ट अंश भरलं. मी खूश, नवरा खूश. बाबा नाहीत. "पासष्ट म्हणतंय ना? मग तीन कुठं गेले?" दार उघडल्यावर निवतं, आपण तळाशी मोजतो, सेन्सर दुसरीकडे आहे, असं मी बरंच सांगून पाहिलं. ते ऐकून घेतात, आणि आठवड्यातून एखाद्या रात्री यंत्र मध्येच थांबल्याचा आवाज मला अंथरुणात ऐकू येतो.

ओट्याचा प्रश्न मात्र बाबांनी मिटू दिला नाही. सतरा हा आकडा त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. मी मावशींना विचारलं, सिंकखाली छोटा गीझर बसवला तर? त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता. पुणे शहर मोलकरीण संघटना त्यातूनच उभी राहिली. त्या वेळी त्यांच्या सासूबाईही कामावर गेल्या नव्हत्या, हे त्यांनी मला पूर्वी एकदा फरशी पुसता पुसता सांगितलेलं. भांडण पगाराचं होतं, रजेचं होतं. "गरम पान्यानं हात लई कोरडं पडत्यात, ताई," त्या म्हणाल्या. "साबनानं आधीच भेगा हायेत. आन् तुमच्या एका घरात गरम, बाकीच्या चार घरांत गार, मग हाताला काय समजायचं?" मग थोडं थांबून, "बसवायचा तर बसवा. पन यंत्र झालं ना नीट? म्हंजे भांडी परत तिकडंच. त्या येगळ्या पैशाचं काय?" म्हटलं, ते चालू ठेवते. "मंग बसवा," म्हणाल्या.

तीन लिटरचा गीझर आता सिंकखाली आहे. मावशी तो तव्यापुरता आणि पितळी पातेल्यापुरता लावतात, तोही लक्षात आलं तर. पाणी तापायची वाट बघत उभं राहायला त्यांच्याकडे वेळ नसतो, पुढचं घर साडेआठचं. परवा बाबा थर्मामीटर घेऊन नळाशी गेले, त्यांना बघायचं होतं की गार-गरम मिसळून नेमकं किती मिळतं. धार सारखी करत बसले. मावशी हातात तवा घेऊन खोळंबलेल्या. "अडतीस," बाबा म्हणाले, "चाळीस करू?"

"काका, तेवढं बाजूला व्हा," मावशी म्हणाल्या, आणि गरम नळ बंद करून त्यांनी गार सोडला.